वेगळी चव

बुधवार, रात्री उशिरा

दाजी म्हणाले, "वेगळी चव आहे."

एवढंच. तीन दिवस झाले, डोक्यातनं जाईना. ज्या माणसानं आमच्या लग्नात आचाऱ्याला बोलावून "मटण शिजवलंय का नुसतं भिजवलंय?" विचारलं, त्यानं माझ्या बिअरला वेगळी म्हणावं! शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं. सोमवारी सकाळी गच्चीवर जास्वंदीच्या कुंडीमागं त्यांचा ग्लास सापडला. काठोकाठ. आत तीन चिलटं बुडालेली. त्यांनी तरी चव घेतली म्हणायची.

वाईट वाटलंच. दीड महिना खपलो. तासभर उकळलं, बर्फाच्या टबात थंड केलं, तोंडाला रुमाल बांधून यीस्ट टाकलं. मागची खेप आंबट झाली तेव्हा उन्हाळ्यावर ढकललं, त्याआधी यीस्टवर. आई म्हणते, तुझ्या हाताला... जाऊ दे.

वेगळी म्हणजे नक्की काय वेगळी? भरताना चाखली होती, तेव्हा ठणठणीत होती. म्हणजे बिघडली ती बाटलीत गेल्यावर.

चौदा भरल्या होत्या, रविवारी दोन गेल्या. उरलेल्या आज फ्रीजमधून काढून, टॉवेल गुंडाळून, न्हाणीत बादलीवर एकेक उघडली. झाकण हललं की फवारा. यीस्टनं न खाता सोडलेली साखर दुसरंच कुणीतरी खात बसलेलं. बाटलीच्या मानेत, बिअर जिथं संपते त्या रेषेवर, आतून पांढरट कडं. चव शिळ्या ताकाची. दह्यातल्या जंतूंचेच भाऊबंद, पण हे हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडू करणाऱ्या फुलांच्या, कडूपणालाही पुरून उरणारे.

दहा बाटल्या अशा. आणि लाल झाकणाच्या दोन अगदी चांगल्या.

थोडा वेळ तसाच बसलो. बाहेर धो धो, गल्लीतला प्रत्येकजण मोबाईलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतोय, ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, आणि मी न्हाणीत पाटावर बसून झाकणांचे रंग आठवतोय. सोनेरी झाकणं संपली म्हणून शेवटच्या दोनांना लाल लावली होती. आणि त्या दोन भरताना बिअर आंबवायच्या बादलीची तोटी हॉप्सच्या गाळानं तुंबली होती, म्हणून वरनं नळी सोडून भरल्या. उकळलेली नळी.

तोटी.

नट काढला, वॉशर काढला, आतला फिरणारा दांडा ओढला तर सुटेना. पकडीनं ओढला. दांड्याच्या खाचेत तपकिरी बुळबुळीत थर, नखानं खरवडला तर मलमासारखा निघाला. त्यात हॉप्सचा हिरवट कण, बहुतेक मागच्या खेपेचा. वास आंबून गेलेल्या डोशाच्या पिठाचा.

दर खेपेला या तोटीतनं जंतुनाशक सोडलंय मी, ऐटीत. आणि ताईला ऐकवलंय की जंतुनाशक घाणीवर चालत नाही, आधी घासायचं, मग निर्जंतुक करायचं. एकदा नव्हे, तीनदा ऐकवलंय. दाजी शेजारीच बसले होते तेव्हा. आता कळतंय, रविवारी ते का गप्प बसले. का तेही माझ्याच मनाचे खेळ? नुसतं "आंबट झालीय गा" म्हणायला काय होतं?

पाश्चरनं १८७६ मध्ये बिअर कशानं बिघडते यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याला सूक्ष्मदर्शक लागला. मला एक पकड लागली आणि तीन खेपा.

दहा बाटल्या मोरीत ओतल्या. आई झोपेतनंच ओरडली, "व्हिनेगर सांडलास काय रे?" गल्लीत कळायला नको एवढंच. तोटीचे तुकडे गरम पाण्यात घासून पेपरवर मांडलेत, पण उपयोग नाही, खाचेत ब्रश जातच नाही. उद्या लक्ष्मीपुरीतनं नवीन आणायची, पूर्ण सुटी होते अशी. वॉशर मघाशी बिअरबरोबरच मोरीत गेला, तोही आणायचा.

लाल झाकणाची एक तपासता तपासता संपली. दुसरी ठेवली. दाजींना मेसेज केला, रविवारी या, यावेळी चांगली आहे.

आत्ता उत्तर आलं. "यंदा श्रावण पाळतोय."

ताईला विचारलं. म्हणाली, गेल्या श्रावणात पांढऱ्या रश्श्याच्या चार वाट्या प्याले होते.