नियमांमुळे तंद्री मोडते का लागते?

आम्ही रोलप्लेइंग गेम खेळतो, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकानी एक कॅरेक्टर व्हायचं, गोष्ट बोलून पुढे न्यायची आणि अडलं की डाइस टाकायचे. परवाच्या सेशनमधे माझी चोर एका दोरीच्या पुलावर उभी होती, पूल पेटलेला, मागून दोन पहारेकरी धावत येतायत, आणि आमच्या ग्रुपमधला म्हातारा पुजारी फळी तुटून खाली लोंबकळतोय, त्याचा एक हात माझ्या हातात. डीएमनी, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्यानी, विचारलं काय करतेस. मी म्हटलं सोडत नाही, दुसरा हात पण लावते आणि ओढते वर. खरंच तळहाताला घाम आला होता माझ्या.

आणि मग सुरू झालं. हे ग्रॅपल (झटापटीत पकडण्याचा नियम) धरायचं का साधा अ‍ॅथलेटिक्स चेक (अंगबळाचा रोल), पुजाऱ्याचं वजन किती, चिलखत धरून किती, याला पूर्ण अ‍ॅक्शन जाते का... एकानी पुस्तक उघडलं, दुसरा मोबाईलवर शोधायला लागला. दहा मिनिटांनी उत्तर सापडलं, मी डी२० (वीस बाजूंचा फासा) टाकला, १७ पडले, पुजारी वाचला. पण मला काहीच वाटलं नाही हो. पूल केव्हाच विझला होता.

असं झालं की लोक लगेच म्हणतात नियम कमी करा, मजा आपोआप येईल. मलाही बरीच वर्षं हेच वाटायचं, म्हणून एकदा आम्ही अख्खी संध्याकाळ नियमांशिवाय खेळलो, डाइस नाही, कॅरेक्टरच्या आकड्यांची शीट नाही, नुसतं बोलायचं आणि डीएम सांगेल ते होणार. पहिला अर्धा तास मस्त गेला. मग माझ्या लक्षात आलं की भिंतीवरून उडी मारायची म्हटलं तर मी भिंतीकडे बघतच नाहीये, मी डीएमच्या चेहऱ्याकडे बघतेय, याला पटेल का, जरा अजून वर्णन केलं तर हो म्हणेल का. माझ्या चोरला भिंत दिसायला हवी होती आणि मला एक माणूस दिसत होता ज्याची समजूत घालायची होती. नियम असते तर भिंत किती अवघड आहे हे माहीत असतं आणि मी बिनधास्त चोर होऊन विचार केला असता. तेव्हापासून मी 'नियम कमी म्हणजे इमर्शन (तंद्री) जास्त' हे बोलणं सोडून दिलं.

उलट काही नियम असे आहेत की त्यांच्यामुळेच अंगावर काटा येतो. कॉल ऑफ क्थुलू या भयकथांच्या गेममधला सॅनिटीचा, म्हणजे मन किती ताळ्यावर आहे त्या आकड्याचा, नियम घ्या, गेम १९८१ चा आहे. एकाच रोलमधे ५ किंवा जास्त सॅनिटी गेली तर बुद्धीचा रोल करायचा, आणि गंमत अशी की तो फसला तर तुम्ही वाचता, कारण जे पाहिलं ते मनानी दाबून टाकलं. रोल जमला तर काय पाहिलं ते नीट कळतं आणि कळलं म्हणूनच वेड लागतं. मी पहिल्यांदा तो रोल केला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा डाइसकडे बघून मनात म्हणत होते की फस, प्लीज फस. समोर जे दिसतंय ते कळूच नये असं माझ्या कॅरेक्टरला वाटत होतं आणि अगदी तेच मला वाटत होतं, दोघींत फरकच उरला नाही.

ड्रेड नावाच्या भयाच्या गेममधे तर डाइसच नाहीत, लाकडी ठोकळ्यांचा मनोरा असतो, अवघड काही करायचं असेल तर त्यातला एक ठोकळा काढून वर ठेवायचा आणि मनोरा पडला की तुमचं कॅरेक्टर खेळातून गेलं. हात थरथरतोय तो अ‍ॅक्टिंग म्हणून नाही, खरोखर थरथरतो.

डीअँडडीबद्दल (डंजन्स अँड ड्रॅगन्स हा गेम) मला एवढंच वाटतं की तो १९७४ साली वॉरगेममधून, म्हणजे सैन्यांच्या लढाईच्या खेळातून, जन्मला आणि लढाई सुरू झाली की ते रक्त अजून दिसतं. इनिशिएटिव्ह (कोणाची पाळी आधी ते) रोल करा म्हटलं की सगळे बेरजा करायला लागतात, एक राउंड म्हणजे गोष्टीतले ६ सेकंद पण टेबलवर कधी कधी अर्धा तास जातो, तेवढ्या वेळात माझी चोर तलवार उगारून नुसती उभी. पण त्याच गेममधे डेथ सेव्ह आहे बघा. जीवाचे पॉइंट संपून शून्यावर पडलात की दर टर्नला डी२०, १० किंवा वर आले तर एक यश, तीन यशं आधी झाली तर जगलात, तीन अपयशं आधी झाली तर गेलात. हिशोब कसला नाही, शोधायचं काही नाही, सगळं टेबल गप्प होऊन एका फाशाकडे बघतं.

म्हणून हल्ली मी एवढंच बघते की नियम मला या क्षणी जे विचारतोय तेच माझ्या कॅरेक्टरला पडलंय का. हात सुटेल का? हे दोघींना पडलंय. चिलखत धरून वजन किती? हे तिला त्या पुलावर कशाला पडेल!

पुलाच्या प्रकारानंतर आम्ही टेबलवर ठरवलं की सीन चालू असताना पुस्तक उघडायचं नाही, डीएम जागेवर निर्णय देईल, कागदावर लिहून ठेवायचा, आणि खरा नियम काय ते सेशन संपल्यावर बघायचं. काल परत तशीच वेळ आली, यावेळी कड्यावरून मी लोंबकळत होते आणि पुजाऱ्यानी माझा हात धरला होता. डीएम म्हणाला, "१२ च्या वर, नाहीतर हात सुटला." एवढंच. पुजारी खेळणाऱ्या मित्रानी डी२० उचलला आणि कितीतरी वेळ मुठीतच धरून ठेवला, टाकेचना.