बर्नरखालच्या एका ताटलीसाठी चोवीस दिवस

होळीच्या दिवशी पुरणाच्या डाळीचा कट उतू गेला आणि तिथून हे सुरू झालं. गुढीपाडवा झाला, पाहुणे येऊन गेले, तरी आमच्या चार बर्नरच्या शेगडीवर तीनच बर्नर पेटत होते. चौथ्याखालची ताटली नव्हती. हातात मावेल एवढी वस्तू, पण ती मिळवताना जो मनस्ताप झाला तो अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

आधी चूक माझी कुठे झाली ते सांगते. कट उतू गेला, त्यावर पुरण हलवताना गुळाचे शिंतोडे पडले आणि ज्योतीखाली ते जळून डांबरासारखे घट्ट बसले. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी येणार होतं. आमच्याकडे जुळे सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे असली कामं मी पाण्याच्या दिवसासाठी राखून ठेवते. चारही ताटल्या काढल्या, अर्धी बादली कढत पाण्यात दोन मुठी धुण्याचा सोडा टाकला आणि बुडवून ठेवल्या. पाच मिनिटांत त्यातल्या एका ताटलीवर बारीक बुडबुडे यायला लागले. मला वाटलं मळ सुटतोय. तशाच रात्रभर ठेवल्या.

सकाळी तीन ताटल्या नुसता हात फिरवला तर स्वच्छ झाल्या. चौथी काळीठिक्कर. धुऊन उजेडात धरली तर काठाशी सुईच्या टोकाएवढी दोन भोकं. ती ताटली स्टीलची नव्हतीच, ॲल्युमिनियमची होती. मागे कधीतरी दुरुस्तीवाल्याने बदलून बसवली होती आणि माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. ते बुडबुडे मळाचे नव्हते, सोडा धातूच खात होता. मग चिंचेच्या पाण्यात उकळली, काळेपणा बराच गेला, पण भोकं कशी बुजणार!

म्हणून सोडा वापरण्याआधी ताटली हातात घेऊन बघा. ॲल्युमिनियम हलकं लागतं आणि रंग फिका, पांढुरका दिसतो. चुंबक लावून बघायचं असेल तर एवढं ध्यानात ठेवा: चिकटलं तर ते ॲल्युमिनियम नक्की नाही, पण चिकटलं नाही म्हणजे ॲल्युमिनियमच असंही नाही, काही स्टीललाही चुंबक धरत नाही. शंका असेल तर भांड्याचा साबण आणि गरम पाणी यावरच भागवा.

ताटली नसताना तो बर्नर पेटवायचा नाही, असं मी घरात सगळ्यांना बजावलं. आमच्या शेगडीला वर काच आहे आणि बर्नरच्या गोल भोकातून सांडलेलं सरळ आत, गॅसच्या नळीवर जातं. तिथे गंज धरतो, झुरळं होतात. शेजारच्या वहिनींनी फॉइल अंथरायला सांगितलं, तेही करून पाहिलं. फॉइलचा काठ वर उचलला गेला, बर्नरला हवा मिळेना, ज्योत पिवळी झाली आणि भाताच्या पातेल्याचं बूड काजळलं. लगेच काढून टाकलं. ज्योत निळी असायला हवी, ती पिवळी दिसली की थांबायचंच.

आता सर्व्हिस सेंटर. गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन रिक्षा बदलून. जुनी ताटली सोबत घेऊन गेले होते, समोर टेबलावर ठेवली. काउंटरवरच्या मुलाने तिच्याकडे पाहिलंही नाही.

"मॉडेल नंबर सांगा मॅडम."

घरी आले. शेगडी उलटी केली तर खालचा स्टिकर तेलाने पुसट झालेला, शेवटचे तीन आकडे दिसत नव्हते. तेवढा फोटो घेऊन दोन दिवसांनी परत गेले. "मग बिल लागेल." सहा वर्षांपूर्वीचं बिल! ह्यांनी कपाटातल्या सगळ्या फायली उपसल्या, तेव्हा ते फ्रिजच्या वॉरंटी कार्डात सापडलं. तिसऱ्या खेपेला कळलं की ते मॉडेल बंद झालंय, ताटली सुटी मिळत नाही, चारचा सेट मागवावा लागेल. "आठ दिवसांत येईल." मी पैसे भरले. आठाचे बारा झाले. रोज फोन, रोज एकच उत्तर, "गाडी आली नाही." पाडव्याला श्रीखंड आणि पुऱ्या, शिवाय सासूबाईंचं पथ्याचं वेगळं, सगळं तीन बर्नरवर. सासूबाई म्हणाल्या, "अगं, चूल होती तेव्हा तरी कुणाच्या नंबरावाचून अडत नव्हतं."

सेट आला. घरी आणून ताटली ठेवली तर ती भोकातून खालीच गेली. तीन खेपा, एक बिल, बारा दिवस, आणि एवढ्यात एकानेही मला ताटलीचं माप विचारलं नाही. नमुना त्यांच्या टेबलावर ठेवलेला असताना! याचाच मला राग आहे. सेट परत घेतला, पण पैसे मिळायला आणखी एक खेप.

शेवटी मधल्या मारुतीजवळ बाजारात गेले होते, तिथे एका शेगडी दुरुस्तीच्या छोट्या दुकानात सहज विचारलं. म्हातारे गृहस्थ, घरचं बोलणं तेलुगू. पहिला प्रश्न: "माप आणलंय का अक्का?" ताटली पिशवीतच होती. त्यांनी पट्टी लावली, बाहेरचा काठ, मधलं भोक, खोली, तिन्ही मापं घेतली. मग पत्र्याच्या डब्यातून चार ताटल्या काढून माझ्या ताटलीवर एकेक ठेवून पाहिली, तिसरी बरोबर बसली. स्टीलची, साठ रुपये. पाच मिनिटं लागली. मी त्यांना हात जोडले.

ताटली हरवली किंवा तुटली असेल तर शेगडीच्या भोकावर पुठ्ठा ठेवून खालून पेन्सिलीने गोल काढून न्या, असंही त्यांनीच सांगितलं. आमच्या चारही ताटल्यांची मापं मी आता ओट्याखालच्या दाराच्या आत लिहून ठेवलीत.

एक राहिलंच. रोजच्यासाठी एवढं पाणी लागत नाही. शेगडी निवली की जुन्या टॉवेलचा तुकडा कढत पाण्यात पिळून ताटलीवर अर्धा तास पसरून ठेवते. सोलापुरात टॉवेलच्या तुकड्यांना काय तोटा! डाग फुगतो आणि काथ्याने निघतो. तारेची घासणी नको, चरे पडले की पुढचा डाग त्यातच धरतो. स्टीलवर निळसर-पिवळी झाक आली तर तो मळ नाही, तापण्याने येते. लिंबाची फोड चोळून पाच मिनिटांनी धुतली की कमी होते. लिंबू आणि सोडा एकत्र करू नका, फेस येतो आणि दोन्हींचा जोर जातो. ब्लीच तर लांबच ठेवा, स्टीलला खड्डे पाडतं. आणि ताटली पूर्ण कोरडी करूनच बसवा.

त्या संध्याकाळी चौथा बर्नर पेटवला. ज्योत निळी, सरळ. त्यावर भाकरीचा तवा ठेवला आणि सासूबाईंना हाक मारली.