क्वीन्सटाऊनला जाताय? मग अ‍ॅरोटाऊनचं म्युझियम सोडू नका

न्यूझीलंडला जाणारी आपली मंडळी क्वीन्सटाऊनला थांबतात, बंजी, जेटबोट, गोंडोला करतात आणि पुढे मिलफर्ड साऊंडला. तिथून जेमतेम २० किलोमीटरवर अ‍ॅरोटाऊन आहे, तिथे गेलेच तर मेन रोडवर फोटो आणि आईस्क्रीम, बस. मला मात्र अख्ख्या ट्रिपमध्ये सगळ्यात जास्त भावलं ते तिथलं छोटंसं लेक्स डिस्ट्रिक्ट म्युझियम.

बकिंगहॅम स्ट्रीटवर बँक ऑफ न्यूझीलंडची १८७५ची जुनी दगडी बिल्डिंग आहे, त्यातच हे म्युझियम. १८६२ मध्ये इथल्या अ‍ॅरो नदीत सोनं सापडलं. रीस नावाच्या माणसाच्या मेंढ्यांच्या फार्मवर काम करणाऱ्या जॅक टेवा या माओरी माणसाला ते आधीच दिसलं होतं म्हणतात, पण नाव झालं विल्यम फॉक्सचं, सुरुवातीला तर गावालाच 'फॉक्सेस' म्हणायचे. फॉक्सने जागा लपवायचा खूप प्रयत्न केला, पण असली बातमी लपते थोडीच! बघता बघता हजारो माणसं येऊन पोचली आणि जानेवारी १८६३ मध्ये बंदोबस्तात नेलेल्या पहिल्याच खेपेत १२,००० औंस सोनं इथून बाहेर गेलं, म्हणजे साडेतीनशे किलोच्या वर!

पण मी रेंगाळले ते चिनी लोकांच्या माहितीपाशी. वरवरचं सोनं संपल्यावर गोरे लोक न्यूझीलंडच्याच वेस्ट कोस्टकडच्या नव्या सोन्यामागे पळाले, मग धंदा बसायला लागला म्हणून ओटागोवाल्यांनीच (ओटागो म्हणजे हाच प्रांत) ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियातून चिनी माणसांना बोलावणं धाडलं. १८६६ पासून ते यायला लागले, बहुतेक दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँगचे, आणि दुसऱ्यांनी टाकून दिलेली वाळू पुन्हा धुऊन धुऊन त्यातून सोनं काढायचे. आणि ज्यांना बोलावून आणलं त्यांच्यावरच १८८१ मध्ये देशात येताना माणशी १० पौंड कर बसवला, १८९६ मध्ये तो थेट १०० पौंड! फक्त चिनी लोकांवर. तो रद्द झाला १९४४ मध्ये आणि सरकारने माफी मागितली २००२ मध्ये. वाचताना खरंच संताप आला. १९०२ मध्ये तर ४९९ चिनी माणसांच्या अस्थी मायदेशी नेणारं व्हेंटनर जहाजच न्यूझीलंडच्या उत्तरेला होकियांगाजवळ बुडालं, म्हणजे मेल्यावरसुद्धा घरी जाणं नशिबात नव्हतं.

म्युझियममधून निघून गावाच्या टोकाला बुश क्रीक नावाच्या ओढ्याकाठी या चिनी लोकांची वस्ती बघायला गेले. तिकीट वगैरे काही नाही. झोपड्या इतक्या लहान की एक माणूस आडवा झाला की खोली भरली, दार बुटकं, काही तर कड्यालाच टेकवून बांधलेल्या. आह लुम नावाच्या चिनी माणसाचं दुकान मात्र चांगलं दगडी, तो नुसता दुकानदार नव्हता, लोकांचे पैसे सांभाळायचा, इंग्रजी-चिनी दुभाषाचं कामही करायचा. १९२५ मध्ये वारला.

नदीवर पॅन घेऊन वाळू धुवायचं पण करा, पॅन भाड्याने मिळतो. घमेलंभर वाळू पाण्यात गोल गोल हलवत राहायचं, हलकी वाळू वाहून जाते आणि तळाला काळी बारीक वाळू उरते, सोनं असलंच तर त्याच्यातच, कारण ते सगळ्यात जड. पाणी बर्फासारखं गार, पाच मिनिटांत बोटं बधिर. ते लोक हे दिवसभर, हिवाळ्यातसुद्धा करायचे!

जाणार असाल तर आधी म्युझियम, मग वस्ती, मग नदी असाच क्रम ठेवा, आणि निदान अर्धा दिवस तरी द्या.