माझा भाऊ सारखा रडतो

घटक चाचणीचे पेपर तपासत होते. 'उपमा अलंकाराचे स्वतःचे एक उदाहरण लिहा', गुण 2. दरवर्षीचाच प्रश्न, भराभर उरकेल असं वाटलं. तिसऱ्याच पेपरात वाक्य होतं : 'माझा भाऊ सारखा रडतो.' वर 'सारखा'खाली ठळक रेघ!

हसत हसत फुली मारली. पुढच्या पेपरात 'ठरल्याप्रमाणे आम्ही सकाळी निघालो.' त्याच्या पुढे 'वेळापत्रकाप्रमाणे तास झाला.' आता मात्र हसू आटलं. फळ्याच्या कोपऱ्यात चौकट आखून 'सम, समान, सारखा, प्रमाणे, परी' हे शब्द मीच लिहून दिले होते. "यातला एक दिसला की डोळे मिटून उपमा लिहा," हेही मीच म्हणाले होते. पोरांनी खरोखरच डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी ते वाक्य, कोणाचं ते न सांगता, फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, "इथे कोणाची तुलना कोणाशी केलीय?" जिची तुलना करायची ती गोष्ट उपमेय, जिच्याशी करायची ती उपमान, दोन्हींतला सारखेपणा म्हणजे समान धर्म आणि ते दाखवणारा तो साधर्म्यवाचक शब्द. या चारांपैकी शेवटचा तेवढा मी घोकून घेतला होता.

मालकीण स्वतःच उभी राहिली. "बाई, वाक्य माझंय. भाऊ उपमेय. उपमान अध्याहृत आहे." वर्ग खदखदला. पण उत्तर अगदीच हवेतलं नव्हतं. एखादं अंग गाळलेल्या उपमेला लुप्तोपमा म्हणतातच. इथे अडचण एवढीच, की 'सारखा' म्हणजे सतत. तुलनेचा पत्ताच नाही.

चौकट पुसली. मुख आणि चंद्र ही एकच जोडी घेतली. (चंद्र घासून गुळगुळीत झालाय, मान्य.) 'मुख चंद्रासारखं' ही उपमा, 'मुख जणू चंद्रच' ही उत्प्रेक्षा, दोन्ही एकजीव करून 'मुखचंद्र' म्हटलं की रूपक, 'हे मुख नव्हेच, चंद्र आहे' ही अपन्हुती. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, दर वाक्याला थाप वाढतेय." मी वळून फळा पुन्हा वाचला. वाढत होती खरी.

तास संपता संपता भावाची बहीण परत उभी. "दुरुस्त केलं, बाई. माझा भाऊ भोंग्यासारखा सारखा रडतो." उपमान सापडलं होतं. "आणि 'सारखा' दोनदा आलं, अर्थ वेगवेगळा. मग यमकपण झालं ना?"

एकच शब्द एकदाच येऊन दोन अर्थ देतो तो श्लेष, तीच अक्षरं वेगळ्या अर्थाने पुन्हा आली तर यमक, हेही माझंच शिकवणं. यमक कवितेच्या चरणात बघतात, हे तर गद्य आहे, असं मी म्हणाले.

"मग दुसरी ओळ जुळवून आणते," ती म्हणाली.

तो प्रश्न मी सगळ्यांना पुन्हा लिहायला दिला. चौकटीशिवाय.