नवापूर ते चांगदेव : सायकलवर आडवा खानदेश

बहुतेकांनी खानदेश पाहिलेला असतो तो रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या काचेतून. सुरत-नागपूर महामार्गाने नाहीतर मुंबई-आग्रा रस्त्याने यायचं, धुळ्याच्या अलीकडे-पलीकडे ढाब्यावर शेवभाजी खायची आणि पुढे निघायचं. मी इथलाच आहे आणि मला याचं फार वाईट वाटतं. सातपुड्याच्या पायथ्याने शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, फैजपूर, रावेर अशी गावं ओवत एक जुना रस्ता जातो. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता म्हणून सगळे त्याला ओळखतात. खानदेश बघायचा तर तो या रस्त्याने आणि सायकलवर, हे मी मित्रांना कित्येक वर्षं सांगत होतो. डिसेंबरात अखेर आम्ही सहा जण निघालो. ज्यांना मागोमाग जायचं असेल त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सुरुवात नवापूरहून केली. सुरत-भुसावळ लाइनवरचं हे स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात आहे. फलाटावरच्या एका बाकावर मधोमध सीमा रंगवलेली आहे, तिथे फोटो झालाच. सायकल आणायची तर दोन मार्ग. चाकं काढून पिशवीत भरायची, नाहीतर पार्सल ऑफिसला बुक करून ब्रेक व्हॅनमध्ये टाकायची. पिशवीवाला मार्ग मला बरा वाटतो. छोट्या स्टेशनावर गाडी जेमतेम थांबते आणि तेवढ्यात व्हॅन उघडून सायकली उतरवणं जिवावर येतं.

नवापूरहून विसरवाडीपर्यंत महामार्ग टळत नाही. ट्रक खूप, पण कडेला जागा आहे. विसरवाडीला डावीकडे नंदुरबारचा फाटा घेतला की कोंडाईबारीचा घाट आणि ट्रकची रांग दोन्ही टळतात. हा टप्पा साधारण पन्नास-साठ किलोमीटरचा, बारीक चढउतारांचा. भाताची कापणी झालेली खाचरं, शेतात वाळत घातलेली तूर, कौलारू घरं. इथे अजून खानदेशापेक्षा डांगाचाच शेजार जास्त जाणवतो. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे. विसरवाडीत साध्या वरणभाताला जी चव होती ती त्या डाळीचीच, असं आमच्यातल्या सगळ्यांचं मत पडलं.

नंदुरबार जवळ आल्याचं डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या लागतात. मोकळ्या रानात लांबच लांब लाल मिरची पसरलेली आणि ती उलटवणाऱ्या बाया तोंडाला फडकं बांधून वाकलेल्या. वाऱ्याच्या खालच्या बाजूने जात असाल तर आधीच तोंडाला रुमाल बांधा. खोकल्याने सायकल थांबवावी लागते. फोटो काढायचा तर विचारून काढा. त्या बाया दिवसभर त्या ठसक्यात राबतात, आपण दोन मिनिटांचे पाहुणे.

नंदुरबारात मुक्काम केलात तर माणिक चौकातल्या हुतात्मा स्मारकापाशी जरूर जा. ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा आणि त्याचे चार सोबती इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळीबारात इथे पडले. आजूबाजूला कपड्यांची, भांड्यांची दुकानं आणि बाजाराची गर्दी. आम्ही सायकली टेकवून उभे राहिलो, तर शेजारच्या दुकानदाराने बाहेर येऊन कोण कुठे उभं होतं ते हाताने दाखवत सगळी हकिगत सांगितली.

दुसऱ्या सकाळी तापी भेटली. प्रकाशाच्या पुलावर थंडीत पाण्यावरून धुकं उठत होतं. प्रकाशा म्हणजे तापी आणि गोमाईचा संगम, दक्षिणकाशी. काशीला जाऊन आलेली माणसं यात्रा पुरी करायला इथे येतात. केदारेश्वराच्या घाटावर गर्दी असते, पण गावाच्या मातीचं वय त्याहून फार मोठं आहे. १९५४-५५ मध्ये पुरातत्त्व खात्याने इथे उत्खनन केलं तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती सापडली. आता नदीवर बॅरेज आहे, त्यामुळे डिसेंबरातही पाणी भरलेलं दिसतं. पूल ओलांडताना लाइट लावा. सकाळच्या धुक्यात ऊसवाले ट्रॅक्टर समोर येईपर्यंत दिसत नाहीत.

तापी पश्चिमेला वाहते, म्हणजे आमचा सगळा प्रवास नदीच्या उलट्या अंगाने. चढ म्हणून पायाला काही लागत नाही. लागतो तो वारा. हिवाळ्यात तो बऱ्याचदा उत्तर-पूर्वेकडून येतो आणि दहा-अकरानंतर जोर धरतो. म्हणून साडेसहाला निघा, अकरापर्यंत निम्म्याहून जास्त अंतर मारा, मग जेवा आणि सावलीत पडा. ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी हाच प्रवास उलटा, चांगदेवहून नवापूरला करावा. मला मात्र पूर्वेला जाणंच आवडलं, कारण त्या दिशेने जमीन हळूहळू काळी आणि खोल होत जाते आणि पिकं तिच्याबरोबर बदलताना दिसतात. शहाद्यापर्यंत मिरची, ऊस, पपई. शिरपूरकडे कापूस. आणि चोपड्यानंतर केळी, दोन्ही बाजूंनी नुसती केळी. डाव्या हाताला सातपुडा सगळीकडे सोबतीला.

शहाद्याहून तोरणमाळ. यासाठी एक अख्खा दिवस वेगळा काढा. अंतर साधारण ५५ किलोमीटर. म्हसावद, राणीपूरपर्यंत रस्ता सरळ आणि शांत. मग सातपायरी घाट सुरू होतो आणि वळणामागून वळण चढत तुम्ही हजार-अकराशे मीटर उंचीवर पोचता. आमच्यातले तिघे सायकलने गेले, बाकीचे एसटीने. सामान शहाद्याच्या लॉजवर ठेवून जा. पाणी राणीपूरला भरून घ्या, पुढे भरवशाचं काही नाही. वर यशवंत तलाव, सीताखाईची दरी आणि विलक्षण गार हवा. रात्र वरच काढा. उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका, वळणाआधी दाबा आणि सोडा, मध्येच थांबून रिम गार होऊ द्या. वाटेत पावरा आणि भिल्ल वस्त्यांतली पोरं रस्त्याच्या कडेने आमच्याबरोबर धावली. चढावर ती आम्हाला सहज मागे टाकत होती.

आमच्या तारखांना सारंगखेड्याची यात्रा होती. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची ही यात्रा भरते आणि तिथला घोडेबाजार देशभर प्रसिद्ध आहे. तापीकाठी मोकळ्या रानात घोडेच घोडे, त्यांची दाणावैरण, खरारा, चाल दाखवणारे स्वार, दूरदूरच्या राज्यांतून आलेले व्यापारी. आमची मैत्रीण पशुवैद्यक आहे, ती तिथून हलायलाच तयार नव्हती. यात्रेच्या दिवसांत शहादा-दोंडाईचा भागातले लॉज भरलेले असतात. खोली आधी फोनवर सांगून ठेवा आणि सायकली खोलीत ठेवू देणार का हेही तेव्हाच विचारा.

शहादा ते शिरपूर हा साठ-पासष्ट किलोमीटरचा टप्पा प्रवासातला सगळ्यात रुक्ष. उसाच्या ट्रॅक्टरांना दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, वर ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. सूर्य मावळला की सायकल थांबवायची, यात सवलत नको.

पण शिरपूर तालुक्यात शिरलात की रस्त्यालगतच्या नाल्यांकडे बघा. २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी इथे शिरपूर पॅटर्न उभा केला. तापीच्या खोऱ्यातल्या गाळाच्या पट्ट्यात वरचा पिवळ्या मातीचा थर पाणी खाली जाऊ देत नाही. नाला रुंद आणि खूप खोल खोदून तो थर काढायचा, मध्ये बिनदाराचे सिमेंटचे बांध घालायचे, म्हणजे अडलेलं पाणी खालच्या वाळूत उतरतं आणि आसपासच्या विहिरींना येतं. एका बांधावर आम्ही दुपारी बसलो होतो. काठावरचा शेतकरी अहिराणीत म्हणाला, "कथा चालनात भाऊ? बठा, च्या पी ल्या." म्हणजे कुठे निघालात, बसा, चहा घ्या. चहा पिता पिता त्याने आपली विहीर दाखवली. आधी इथे पाणी कुठे असायचं आणि आता कुठे आहे, ते त्याने दोराला गाठी मारून मोजलेलं होतं. आमचा ठाण्याचा मित्र तास-दीड तास त्याला प्रश्न विचारत होता. त्या दिवशी आमचं वेळापत्रक कोसळलं आणि कुणीच तक्रार केली नाही.

शिरपूरला मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडताना उड्डाणपुलाखालून जा, वरून जायच्या फंदात पडू नका. पुढे अनेर नदी ओलांडली की जळगाव जिल्हा. चोपड्यात मुक्कामाची सोय चांगली आहे. चोपड्यानंतर अडावदजवळ डोंगराकडे आत वळलं की उनपदेवचे गरम पाण्याचे झरे लागतात. गोमुखातून ऊन पाणी अखंड पडतं. डिसेंबरच्या सकाळी दुखऱ्या मांड्यांवर ते पाणी घेणं याला या प्रवासात तोड नाही. आंघोळीला बरेच लोक येतात, साबण वापरू नका.

धानोरा, किनगाव, साकळी, यावल. इथून पुढे केळीचा मुलूख. नवती, पिलबाग, कांदेबाग हे केळीबागांच्या प्रकारांचे शब्द चहाच्या टपरीवर कानावर पडायला लागतात आणि भाव हा सगळ्यांचा एकच विषय असतो. सायकलवाल्यांना वाटतं इथे हवी तेवढी केळी खायला मिळतील. बागेतला घड मात्र हिरवा, कच्चाच काढतात. तो ट्रकमध्ये भरून बाहेर जातो आणि तिकडे पिकवतात. पिकली केळी स्टँडवरच्या गाडीवर मिळतात, सकाळीच घेऊन ठेवा.

ही हिरवळ पाहून भुलायला होतं. यावल-रावेरचा हा पट्टा सातपुड्याच्या पायथ्याचा गाळाचा, पाणी पिणारा. डोंगरातल्या नद्यांचं पाणी इथे जमिनीत मुरतं आणि त्याच्यावर विहिरी, बोअर चालतात. गेल्या काही दशकांत उपसा पुनर्भरणाच्या कितीतरी पुढे गेला आणि बोअर खोल खोल जात राहिले. तापी महाकाय पुनर्भरण योजनेसाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने मे २०२५ मध्ये करार केला, त्याबद्दल इथे प्रत्येकाचं मत आहे. विचारा, ऐका. या भागाचं पुढे काय होणार ते त्यावरच ठरणार आहे.

फैजपूरला थांबा. डिसेंबर १९३६ मध्ये खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन इथलं. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, गांधीजी आले होते आणि नंदलाल बोस यांनी बांबू, चटया अशा इथल्याच साहित्यातून मंडप सजवला होता. शाळेत एका ओळीत वाचलेलं फैजपूर इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात अजून घरचं कार्य असल्यासारखं बोललं जातं.

आणि भरीत. हिवाळ्यात या भागात येऊन शेतातलं भरीत न खाता जाऊ नका. भुसावळ रस्त्यावरच्या बामणोदची हिरवी-पांढरी वांगी त्यासाठी नावाजलेली. कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, साल काढून लाकडी बडगीत हिरवी मिरची आणि लसूण घालून ठेचायची, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून तेलाची फोडणी. केळीच्या पानावर, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीबरोबर. ढाब्यावरची तर्रीवाली शेवभाजी रात्री खाल्लीत तर सकाळी सायकल चालवताना जड जाते. भरीत-भाकरीवर मात्र आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत न थांबता गेलो.

आता सामानाचं. बाभळीचे काटे हा या रस्त्याचा मुख्य शत्रू. शेतकडेला सायकल टेकवण्याआधी जमीन बघा, ती उचलून ठेवा, ढकलत नेऊ नका. जाड टायर आणा. ७०० सी मापाच्या चाकांच्या आणि प्रेस्टा म्हणजे बारीक व्हॉल्व्हच्या ट्यूब तालुक्याच्या गावात सहज मिळत नाहीत, माणशी दोन तरी जवळ हव्यात. पंक्चरवाले मात्र गावोगाव आहेत आणि हात चांगले आहेत. पहाटे हातमोजे आणि कानटोपी लागते, दुपारी अर्ध्या बाहीत घाम येतो. मार्चनंतर हा प्रवास करू नका, इथला उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. बायकांसाठी स्वच्छतागृहांची अडचण खरी आहे. आमच्या मैत्रिणीचा अनुभव असा की मोठे पेट्रोल पंप त्यातल्या त्यात बरे, आणि वस्तीवरच्या बाईला विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही.

रावेरहून दक्षिणेला उतरून तापी पार केली आणि चांगदेवला पोचलो. तापी-पूर्णेच्या संगमाजवळ काळ्या दगडाचं जुनं मंदिर आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याला पासष्ट ओव्या लिहिल्या त्या चांगदेवांचं हे ठाणं, आणि कोथळीला मुक्ताबाईचं. जिला त्याने गुरू केलं ती आणि तो असे शेजारी. आषाढीला मुक्ताईची पालखी इथून पंढरपूरला पायी जाते, ते अंतर आठवून आमच्यातल्या कुणी पाय दुखल्याचा शब्द काढला नाही.

परतीला भुसावळ सोयीचं. मोठं जंक्शन आहे आणि सगळीकडच्या गाड्या मिळतात. मुक्ताईनगरहून महामार्गाने जाता येतं, पण पक्षी बघणारं कुणी सोबत असेल तर सकाळ हतनूर धरणावर घालवा. हिवाळ्यात स्थलांतरित बदकं मोठ्या संख्येने उतरतात. भुसावळला पार्सल ऑफिसमध्ये गाडीच्या किमान दोन-तीन तास आधी पोचा. सायकलला नाव, स्टेशन आणि फोन लिहिलेला पुठ्ठा आधीच घट्ट बांधा आणि पावती स्वतःजवळ ठेवा.