सँडो, औंधचे राजेसाहेब आणि आजीचे चिंचोके

परवा जिममध्ये एक नवीन मुलगा आला. ढगळ टी-शर्ट घालून स्क्वॅट मारत होता, तर ट्रेनर म्हणाला, "उद्यापासून सँडो घालून ये रे, पाठ कुठं वाकते ते दिसत नाही." मी शेजारी बारला प्लेटा लावत होते. राहवलं नाही म्हणून त्या मुलाला विचारलं, "सँडो कोण होता माहीत आहे का?" तो म्हणाला, "बनियनची कंपनी ना, ताई?"

त्याला तिथं उभ्या उभ्या जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. उरलेलं इथं लिहिते.

ज्याच्या नावावरून त्या बनियनला सँडो म्हणतात, तो युजेन सँडो हा माणूस १८६७ साली प्रशियातल्या क्योनिग्सबर्गमध्ये जन्मला. खरं नाव फ्रिडरिश म्युलर. त्या काळचे ताकदवान लोक सर्कशीत घोडे उचलायचे, साखळ्या तोडायचे. सँडोही ते करायचा, पण १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी त्याचे खेळ लागले तेव्हा लोक वजनापेक्षा त्याचं अंग बघायला गर्दी करू लागले. म्हणजे किती उचललं याच्याइतकंच, उचलून शरीर कसं घडलं हेही बघण्याजोगं आहे, हे त्यानं लोकांच्या गळी उतरवलं. १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यानं शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. परीक्षक तिघं: स्वतः सँडो, चार्ल्स लॉज नावाचा शिल्पकार आणि शेरलॉक होम्सवाले आर्थर कॉनन डॉयल. नुसता दंडाचा घेर मोजायचा नाही, सगळं शरीर प्रमाणात आहे का ते बघायचं, असा नियम. पहिला आला नॉटिंगहॅमचा विल्यम मरे, आणि त्याला मिळाली सँडोचीच सोन्याची मूर्ती. आज मिस्टर ऑलिम्पियाच्या विजेत्याला देतात ती मूर्तीही सँडोचीच.

१९०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानातही दौऱ्यावर येऊन गेला. पण त्याची पुस्तकं आणि व्यायामाचं साहित्य त्याच्या आधीच इथं पोचलं होतं. त्यातलं काही आलं ते आमच्या सातारा जिल्ह्यातल्या औंधला.

औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी म्हटलं की लोकांना सूर्यनमस्कार आठवतात, नाहीतर औंधचं संग्रहालय. पण गादीवर येण्याच्या कितीतरी आधी, १८९७ साली, त्यांनी सँडोचं सगळं साहित्य आणि पुस्तकं मागवली होती. आणि हौस म्हणून चार दिवस नव्हे, चांगली दहा वर्षं नेमानं त्या पद्धतीनं मेहनत केली. नंतर मिरजेचे संस्थानिक गंगाधरराव पटवर्धन यांच्या सांगण्यावरून १९०८ च्या सुमारास ते सूर्यनमस्काराकडे वळले. १९०९ साली राजे झाल्यावर त्यांनी संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार सक्तीचे केले. मुलांना आणि मुलींनाही.

या "मुलींनाही"पाशी मी अडकते, कारण माझी आजी त्यातली एक. आता सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. आजीचा जन्म १९२९ चा, शाळा चौथीपर्यंत. गणित तिला फारसं आठवत नव्हतं, पण "ॐ ह्रां मित्राय नमः" पासून सगळी नावं बीजमंत्रांसकट शेवटपर्यंत तोंडपाठ होती. राजेसाहेब एकदा आटपाडीला आले होते आणि अख्ख्या शाळेला पटांगणात नमस्कार घालायला लावले होते, हे ती दर सुट्टीत सांगायची. "आमच्या वळीतनं चालत गेलं गं," एवढंच वाक्य, पण ते सांगताना तिचा चेहरा बघावा.

मी नऊ वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. मे महिना, आटपाडीचं घर. वडील पहाटे दादाला तालमीत घेऊन निघाले. मीही चप्पल घालून मागं गेले. तालमीच्या दारात वस्तादांनी हात आडवा केला. रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "बाळ, हितं पोरींनी यायचं नसतं." आत दादा हौद्यातल्या तांबड्या मातीत उतरत होता. त्या मातीत ताक, तेल, हळद घातलेली असते, तिचा तो वास दारापर्यंत येत होता. तो वास मला अजून आठवतो, आणि तो आडवा हातही.

घरी येऊन रडत बसले. आजीनं डोळे पुसले नाहीत की समजूत घातली नाही. तिनं परड्यातल्या सारवलेल्या जमिनीवर एका फडक्याची चौकोनी घडी टाकली, वाटीतून पंचवीस चिंचोके काढून डाव्या बाजूला ओळीनं मांडले आणि लुगड्याचा काष्टा आवळला. त्रेसष्ट वर्षांची होती ती.

तिचा नमस्कार आजच्या योगा क्लाससारखा वाहता नव्हता. एकेक अवस्था ठोकून उभी केल्यासारखी. हात घडीच्या दोन कडांना टेकले की उठेपर्यंत तळवे तसूभर हलायचे नाहीत. साष्टांगात कपाळ, छाती, गुडघे, पायाची बोटं जमिनीला, पण पोट वर. "प्वाट टेकलं की नमस्कार मोडला," म्हणायची. तिथून छाती पुढं काढत वर यायचं ते दंडांच्या जोरावर. कुणी तालमीत जोर मारलेले असतील तर कळेल, तो नमस्कार म्हणजे जोरच, फक्त श्वासाला बांधलेला. एक झाला की एक चिंचोका उजवीकडं. पहिल्या दिवशी माझे सहा चिंचोके सरकले आणि दुसऱ्या दिवशी मला पितळी तांब्या उचलवेना. सुट्टी संपेपर्यंत पंचवीस झाले.

माझं असं मत आहे की आमच्याकडच्या बायकांच्या हातात व्यायाम आला तो राजेसाहेबांनी डंबेल्स खाली ठेवल्यामुळे. साहित्य विकत घ्यायचं तर पैसा पुरुषाच्या हातात. आखाड्यात जायचं तर दारात वस्ताद. नमस्काराला अंगाएवढी जमीन पुरते आणि ती प्रत्येकीच्या परड्यात असते. म्हणून मला जिममध्ये चालणारा देशी विरुद्ध विलायती हा वाद पटत नाही. भवानरावांनी दहा वर्षं सँडो केला होता, तेव्हा कुठं त्यांना कळलं की कोणता स्नायू कशानं घडतो, आणि नमस्कार तितक्याच काटेकोरपणे मांडावा लागेल. देवापुढचा नमस्कार आणि शाळेतला कवायतीचा नमस्कार यांच्यामध्ये ती दहा वर्षं आहेत.

लोखंड मी उचलायला लागले ते पस्तिसाव्या वर्षी, दुसऱ्या बाळंतपणानंतर कंबर धरायला लागली म्हणून. पहिल्याच महिन्यात ट्रेनरनं विचारलं, "ताई, आधी काय करत होता? पाठ एकदम सरळ राहते तुमची." मी आजीचं नाव सांगितलं. गेल्या आठवड्यात पंच्याऐंशी किलोचा डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार उभं राहून उचलायचा तो, निघाला, बेल्ट न लावता.

आजी २०१४ साली गेली. दादा तालीम कधीच सोडून बसलाय, पण त्याची मुलगी बारा वर्षांची आहे आणि सांगली जिल्ह्यातल्याच एका तालमीत मॅटवर कुस्ती शिकते. रविवारी ती माझ्याकडं येते. वाटी माझ्याकडंच आहे. दोन चिंचोक्यांना कीड लागली होती म्हणून ते बदलले, बाकीचे तेवीस आजीचेच. आम्ही दोघी गच्चीवर फडकं घालतो आणि ती मोजते.