सोंतोनाचे कागद हवेत? मग आधी एक्सला जाऊ नका

आजचं हैती म्हणजे तेव्हाचं सँ-दोमँग, फ्रान्सची वसाहत. तिथल्या क्रांतीचे फ्रेंच सरकारी कागद, त्यातही फ्रान्सने तिथे पाठवलेला कमिशनर सोंतोना याचे, पाहायला मी थेट दक्षिण फ्रान्समधलं एक्स-आँ-प्रोव्हान्स गाठलं. ‘वसाहतींची दप्तरं सगळी तिथेच’ असं दोन जाणत्यांनी सांगितलं होतं. त्यांच्या शब्दावर माझे चार दिवस गेले, अजून राग येतो.

टीजीव्हीचं, म्हणजे वेगवान रेल्वेचं, स्टेशन गावाबाहेर, जवळपास १५ किलोमीटरवर आहे. रात्री उतरलो, तर टॅक्सीवाल्याने आधी दर सांगितलाच नाही आणि दारात भलताच आकडा लावला. गावात जायला बस आहे, तीच धरा. रात्रीची गाडी घेऊच नका.

सोंतोना आणि त्याचा जोडीदार पोल्व्हरेल हे कमिशनर सप्टेंबर १७९२ मध्ये सँ-दोमँगला उतरले. जून १७९३ मध्ये ल काप शहर जळालं, आणि त्याच शहरात २९ ऑगस्टला सोंतोनाने उत्तर प्रांतातल्या गुलामांच्या मुक्तीची घोषणा केली. हे कागद मी एक्सला शोधत बसलो. पण मळेवाल्यांनी दोघांवर आरोप केले, १७९५ मध्ये पॅरिसला चौकशी झाली, आणि या प्रकरणाचे कागद पॅरिसच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या ‘डी २५’ मालिकेत गेले (यादीत २५ रोमन आकड्यात आहे). शंभरावर पेट्या आहेत! एक्सला वसाहत मंत्रालयाचा पत्रव्यवहार मिळतो, क्रांतीकाळासाठी ‘सीसी ९ ए’ मागा. चर्चच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या घरबसल्या फुकट दिसतात, त्यासाठी तर तिकीट काढूच नका.

पॅरिसला मेट्रो १३ ने सँ-दनी युनिव्हर्सितेला, शेवटच्या स्टेशनला उतरा. राष्ट्रीय अभिलेखागाराची पिएरफितची इमारत समोरच आहे. पेट्या आधीच ऑनलाइन राखून ठेवा. आत फक्त शिसपेन्सिल चालते.

तारखांनी मला रडवलं. फ्रेंच राज्यक्रांतीचं कॅलेंडर लागू झाल्यावर महिनेच बदलतात: १६ प्ल्युव्हिओज, वर्ष २ म्हणजे ४ फेब्रुवारी १७९४, कन्व्हेन्शनने, म्हणजे फ्रान्सच्या तेव्हाच्या संसदेने, गुलामगिरी रद्द केली तो दिवस. वर त्या काळी पत्राला समुद्र ओलांडायला आठवडेच्या आठवडे लागत. म्हणून लिहिल्याची आणि पोचल्याची तारीख वेगवेगळी टिपा, नाहीतर कोण कुणाला उत्तर देतोय हेच कळत नाही. तारखांचा तक्ता छापूनच न्या. पेशवे दप्तरात रुमाल (कागदांची कापडी गाठोडी) उघडून मोडी वाचलेल्यांना अक्षराचा त्रास होणार नाही.

तिसऱ्या दिवशी ओळ न अडखळता वाचता आली, तेव्हा खुर्चीतून उठवेना. निदान आठवडा पॅरिसलाच काढा. दिवस उरले तरच एक्स.